नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमधला तंबाखू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. वॉर्डात शिकवताना, हॉस्टेलच्या मेसमध्ये, परीक्षा संपल्यावर निवांत गप्पा मारताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात तेच इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून आहेत. गोव्याच्या मुलींनी आपल्याकडे तंबाखू बराच कमी आहे म्हणून खुशाल कॉलर ताठ करावी, पण वाचावं.

नर्सिंगच्या मुली कुठे तंबाखू खातात? हा प्रश्न आपला आहे का?

‘तंबाखू’ म्हटलं की डोळ्यांसमोर सिगारेट येते आणि पांढऱ्या युनिफॉर्ममधली मुलगी सिगारेट ओढताना दिसत नाही, म्हणून आपण मोकळे होतो. आकडे वेगळं सांगतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात विडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ३.८ टक्के आणि खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के (काही जण दोन्हीकडे मोजले गेले). बायकांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होतं, म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक.

नर्सिंगला येणारी मुलं-मुली याच घरांतून येतात. आजी मिश्री लावते, आई लावते, शेतात सोबत काम करणाऱ्या बायका लावतात. दहावीत दाढ दुखली तेव्हा घरातूनच चिमूटभर मिश्री लावायला दिलेली असते आणि मग ती सुटत नाही. अशी मुलगी हॉस्टेलला येते तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली डबीही येते. मुलग्यांची तऱ्हा निराळी. त्यांचा खर्रा, मावा किंवा चुना-तंबाखू टपरीवर, चारचौघांत सुरू होतो आणि घरी कळत नाही.

कॉलेजात फॉर्म भरून घेतात : ‘धूम्रपान करता का?’ सगळे ‘नाही’ लिहितात. फाइल बंद. खोटं कुणीच लिहिलेलं नसतं, प्रश्नच चुकीचा असतो.

मिश्री म्हणजे दात घासणंच ना? ती गिळत तर कुणी नाही.

मिश्री कशी होते ते एकदा बघा. तंबाखूची पानं तव्यावर टाकतात, मंद आचेवर काळी होईपर्यंत भाजतात. घरभर धूर होतो, शेजारीण खोकत खोकत विचारते, ‘काय गं, मिश्री भाजतेस का?’ मग ती पानं हाताने चुरून, वस्त्रगाळ करून डबीत भरतात. कोकणात आणि मुंबईकडे हिलाच मशेरी म्हणतात. डबीतली पूड म्हणजे शुद्ध तंबाखू, आणि भाजल्यामुळे त्यात धुरातली बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक रसायनंही उतरतात.

गिळायची गरजच नसते. हिरड्यांचं आणि गालाच्या आतलं आवरण पातळ असतं, त्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. छातीत दुखल्यावर द्यायची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली का ठेवतो हे तुम्ही पहिल्या वर्षी शिकलात. निकोटीन त्याच वाटेने रक्तात जातं, यकृताला वळसा घालून. ‘दात घासायला’ म्हणून दिवसातून एकदा सुरू झालेली मिश्री जेवणानंतर, मग दुपारी, मग झोपण्याआधीही लागते. पेस्टने दात घासायची कुणाला दिवसातून पाच वेळा तलफ येत नाही.

गरोदरपणात याचा परिणाम थेट बाळावर होतो. मुंबईतल्या गर्भवतींवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर नसलेला तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती. तुमच्या प्रसूती वॉर्डातल्या वजनकाट्यावर १०५ ग्रॅम म्हणजे किती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तंबाखूला चुना का लावतात?

चुन्याने तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी होतं. तशा वातावरणात निकोटीन मोकळ्या रूपात येतं आणि श्लेष्मल आवरणातून भराभर शोषलं जातं. ‘चुन्याशिवाय मजा नाही’ यामागचं रसायनशास्त्र एवढंच. तोच चुना आवरण भाजून काढतो, म्हणून तंबाखूचा बार ठेवायच्या जागी आधी पांढरा, सुरकुतलेला डाग दिसतो.

खर्रा आणि माव्यात तंबाखू थोडाच असतो. मुख्य तर सुपारी असते. सुपारीने काय होतं?

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मुलांचा हा लाडका प्रश्न. खर्रावाला सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेतो आणि फळीवर घासघासून एकजीव करतो. तीच पन्नी बांधून हातात. ‘थोडाच’ तंबाखू असला तरी तो तासन्‌तास तोंडात असतो.

आणि सुपारी निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. शिवाय सुपारीने तोंडातल्या आवरणाखाली तंतू साठतात, गाल आतून कडक दोऱ्यांसारखे लागतात, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. हा सबम्युकस फायब्रोसिस. दंतविभागात पोस्टिंग असेल तर विशीतली मुलं येऊन सांगतात, ‘पाणीपुरी तोंडात जात नाही.’ खाणं थांबवलं तर आजार पुढे सरकण्याचा वेग कमी होतो, पण आखडलेलं तोंड आपोआप पहिल्यासारखं होत नाही.

स्वतःची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. आपलीच तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. जात नसतील तर दंतवैद्य गाठा. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तरी तेच. ‘परीक्षा झाली की जाते’ हे चालणार नाही.

गडचिरोलीत २०१६पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी कार्यक्रम चालला आहे. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा त्यात पुढाकार आहे. त्या भागात कम्युनिटी पोस्टिंग असेल तर तिथलं गावपातळीवरचं काम बघून या. खर्रा हा फक्त खाणाऱ्याचा खासगी मामला राहत नाही, हे तिथे नीट कळतं.

नाइट ड्युटीला जागं कसं राहायचं मग?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. रात्री आठ ते सकाळी आठ, चाळीस खाटा, एक स्टाफ सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी. पहाटे तीनला डोळे मिटायला लागतात. कुणीतरी म्हणतं, ‘जरा लाव, झोप उडेल.’ उडते, हे खरं. निकोटीन उत्तेजक आहे.

पण रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. पातळी उतरली की मरगळ आणि चिडचिड येते, मग पुन्हा लावावं लागतं. बारा तासांच्या ड्युटीत असे पाच-सहा चढउतार होतात, आणि सकाळी खोलीवर गेल्यावर झोप तुटक लागते, कारण शेवटची चिमूट सहा वाजता लावलेली असते. दुसऱ्या रात्री आणखी झोप येते. त्यावर उपाय म्हणून पुन्हा तेच.

जे खरंच कामाला येतं ते असं. ड्युटीला जाण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोप, खोली अंधारी करून. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात, दोननंतर नाही. तीन ते पाच या वेळात बसून लिहायची कामं ठेवू नका. व्हायटल्स (नाडी, ताप, बीपी), राउंड, पेशंटची कूस बदलणं अशी चालती कामं तेव्हा करा. दोघी असाल तर आळीपाळीने वीस मिनिटं डोळे मिटायची परवानगी सिस्टरकडून मागून घ्या. सगळ्या सिस्टर देत नाहीत. विद्यार्थिनींना सलग नाइट लावणाऱ्या रोस्टरबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण तो वेगळा विषय.

मी रोज नाही ओढत. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या आधी, टेन्शन आलं की एखादी.

१९७६ साली अमेरिकेत सव्वा लाखाच्या आसपास नोंदणीकृत परिचारिकांना घेऊन एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्या वेळी त्यांच्यातल्या जवळपास एकतृतीयांश सिगारेट ओढत होत्या. १९८७मध्ये आलेल्या निष्कर्षांत दिवसाला फक्त १ ते ४ सिगारेटी ओढणाऱ्या परिचारिकांनाही हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला. बायकांच्या हृदयाबद्दल जगाला जे कळलं त्यातलं बरंचसं नर्सेसनी स्वतःची माहिती दिली म्हणून कळलं. तुमची ‘एखादी’ त्या १ ते ४मध्ये बसते का, ते तुम्हीच बघा.

टेन्शनचं म्हणाल तर, नेहमी ओढणाऱ्याला सिगारेटने जे हलकं वाटतं त्यात मोठा वाटा आधीच्या सिगारेटची ओढ भागल्याचा असतो. व्हायव्हाची भीती होती तिथेच असते. बाहेरचे परीक्षक आत बसलेलेच असतात.

व्हेप चालेल का? वास येत नाही.

नाही. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात, वाहतूक, साठवणूक, जाहिरात सगळंच भारतात बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘माझ्याकडे ठेव जरा’ म्हणून मित्राने दिलेली उपकरणं कपाटात ठेवणारा साठवणुकीच्या कलमात अडकू शकतो. आणि निकोटीन त्यातही आहेच, बरेचदा भरपूर.

कॉलेजला कळलं तर काढून टाकतात का?

आधी कायदा काय सांगतो ते बघू. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार, म्हणजे ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, रुग्णालय आणि शिक्षणसंस्था ही सार्वजनिक ठिकाणं आहेत. तिथे धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालच्यांना तर कुठेच नाही. बी.एस्सी. नर्सिंगला सतराव्या वर्षी प्रवेश मिळतो हे लक्षात घ्या. पहिल्या वर्षाच्या मुलाला पुडी देणारा टपरीवाला गुन्हा करतो आहे. गुटखा महाराष्ट्रात जुलै २०१२पासून बंद आहे आणि पुढे सुगंधित तंबाखू-सुपारी, मावा-खर्राही त्या बंदीत आले. आता दोन वेगळ्या पुड्या घेऊन गिऱ्हाईक स्वतःच मिसळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, अन्न व औषध प्रशासनालाही (एफडीए).

विद्यार्थ्याला कॉलेजातून काढा असं या कायद्यात कुठेही नाही. हॉस्टेलचे नियम मात्र संस्थेपरत्वे असतात आणि तिथेच गाडं अडतं. एका संस्थेत मी पाहिलं : खोल्यांची झडती, डबी सापडलेल्या मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं, गावाहून वडिलांना बोलावून घेतलं. वडील आले, खाली मान घालून बसले. त्यांच्या स्वतःच्या शर्टाच्या खिशात चुन्याची डबी होती. त्या मुलीने नंतर मिश्री सोडली नाही. ती जास्त हुशारीने लपवायला शिकली, आणि तिचं बघून बाकीच्याही.

माझं मत स्पष्ट आहे. निकोटीनचं अवलंबन हा निदान होणारा आजार आहे, आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र संकेतांक आहे. वॉर्डात ओढलं, ड्युटीवर तोंडात बार ठेवून पेशंटशी बोललं, तर शिस्तीची कारवाई जरूर करा. पण ‘मॅडम, मला सुटत नाही’ असं सांगत आलेल्या मुलीला शिक्षा केली तर पुढची कुणीही येणार नाही. केंद्र सरकारची २०१९ची तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांची मार्गदर्शक तत्त्वं प्रत्येक संस्थेत तंबाखूची जबाबदारी घेणारी व्यक्ती नेमायला सांगतात. ती व्यक्ती वॉर्डन नसावी एवढं तरी करा.

माझी रूममेट मिश्री लावते. वॉर्डनला सांगू का?

नको. तिलाच विचारा, एकटीला, आणि ‘घाण सवय’ असले शब्द न वापरता. ‘तुला सोडायचंय का?’ एवढाच प्रश्न. ‘नाही’ म्हणाली तर विषय सोडा, पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. सिगारेट असेल तर गोष्ट जरा वेगळी. खोलीतला धूर तुमच्याही फुप्फुसात जातो, तेव्हा ‘खोलीत नाही’ हे ठामपणे सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

बाहेर ओढून हात धुऊन आलं तर पेशंटला काय त्रास?

हात धुतल्याने हात स्वच्छ होतात. केस, स्वेटर, ॲप्रन धुतले जात नाहीत. धुराचे कण कपड्यांत बसतात, शिवाय ओढून आल्यावर काही वेळ श्वासातूनही बाहेर पडत राहतात. एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हजार-बाराशे ग्रॅमचं बाळ हाताळताना हे चालणार नाही. दम्याच्या पेशंटला वासानेच धाप लागते. आणि केमो घेतलेल्या बाईला मळमळते, ती बिचारी तोंड वळवते, बोलत काही नाही.

मला व्यसन आहे का नुसती सवय, हे कसं कळणार?

निकोटीनचं अवलंबन मोजणारी फॅगरस्ट्रॉमची प्रश्नावली मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये बघितली असेल. त्यातला सगळ्यात बोलका प्रश्न : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किंवा पहिली चिमूट किती वेळात? पाच मिनिटांच्या आत असेल तर अवलंबन जबर. अर्ध्या तासाच्या आत असेल तरी कमी नाही. आजारी असताना, ताप असतानाही लागते का, हा त्यातलाच आणखी एक.

सोडायचं तर नेमकं काय करायचं?

तारीख ठरवा, आणि ती परीक्षेच्या किंवा नाइटच्या आठवड्यातली नको. त्या दिवशी डबी कुणाला ‘सांभाळायला’ देऊ नका, टाकून द्या. एका तरी माणसाला सांगा.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, डोकं दुखणं, लक्ष न लागणं, भूक. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफेची एकेक लाट काही मिनिटांची असते. ती आली की तिच्याशी भांडत न बसता काहीतरी करा : पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, जिना उतरून चढा. सुपारी मात्र नको. ‘तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी खातो’ हे सोडणं नव्हे.

मिश्रीवाल्यांची एक ठरलेली तक्रार असते, जी कुठल्या पाठ्यपुस्तकात ठळक नसते : ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ ती खरी आहे. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते, ते थांबलं की बद्धकोष्ठ होतो. अनेक बायका केवळ याच कारणाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा लावतात. आधीच तयारी ठेवा. सकाळी कोमट पाणी, हॉस्टेलच्या मेसमध्ये मिळेल ती पालेभाजी-काकडी, केळं-पेरू, रात्री जेवणानंतर चालणं. गरज पडली तर इसबगोल. आठ-पंधरा दिवसांत पोट आपलं आपण चालायला लागतं.

सिगारेट-विडीवाल्यांसाठी वेगळी सूचना : सोडल्यावर चहा-कॉफी निम्मी करा. धुरातल्या रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त काम करतं आणि कॅफिनचा निचरा लवकर होतो. धूर थांबला की तोच तीन कप चहा अंगावर येतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं हे सिगारेट सोडल्यामुळेच. मानसोपचार वॉर्डात क्लोझापिन किंवा ओलान्झापिन या औषधांवर असलेल्या पेशंटने सिगारेट सोडली तर याच कारणाने औषधाची पातळी चढते, तेव्हा ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. मिश्री-तंबाखूत धूर नाही, तिथे हा प्रकार नाही.

निकोटीन गम २ मिलिग्रॅमचे मेडिकलमध्ये मिळतात. ते च्युइंगमसारखे चघळले तर उचकी आणि मळमळ ठरलेली. चार-सहा वेळा हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. अर्धा तास पुरतं. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कोल्ड्रिंक नको, कारण आम्लात निकोटीन शोषलं जात नाही. चुन्याचं जे रसायनशास्त्र वर आलं त्याचीच ही उलटी बाजू. तोंडात व्रण असतील, गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही औषधं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक १८००-११२-३५६ आहे, पुडीवरच छापलेला असतो. फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. तिच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. जिल्हा रुग्णालयातही तंबाखूमुक्ती केंद्र असतं. आपल्याच रुग्णालयात जायला लाज वाटते हे मला कळतं. म्हणून तर फोन.

पुन्हा लावलं गेलं तर सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. बहुतेकांना एकाहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. कुठल्या प्रसंगी हात गेला तेवढं लिहून ठेवा.

मी स्वतःच तंबाखू खातो. पेशंटला कुठल्या तोंडाने सांगू?

याच तोंडाने. खाणारी नर्स पेशंटला विचारतच नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे. केस शीटवर तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ लिहून पुढे जाते. खरं नुकसान तिथे होतं. परिचारिकांनी दिलेल्या सल्ल्याने आणि पाठपुराव्याने तंबाखू सोडण्याचं प्रमाण वाढतं, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसलं आहे. तुम्ही निर्व्यसनी असणं ही त्यासाठीची अट नाही. तुम्ही सोडायच्या वाटेवर असाल तर उलट तुम्हाला त्यातल्या खाचा माहीत असतात.

विचारायची पद्धत मात्र शिकावी लागते. प्रसूती वॉर्डातला एक संवाद सांगते. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आणि नातीला मांडीवर घेऊन बसलेली सासू.

‘आजी, घरात कुणी तंबाखू खातं का?’
‘नाय बाई, आमच्यात कुनी नाय खात.’
‘मिश्री?’
‘मिश्री व्हय? ती लावतो की. ती बी लावती, पोटुशी होती तवा बी लावायची. तिला उलट्या व्हायच्या ना.’

दुसरा प्रश्न आला नसता तर बाळाचं वजन दोन किलो का, याचं एक कारण केस शीटवर कधीच आलं नसतं. म्हणून विचारताना प्रत्येक वस्तू नावाने विचारा : मिश्री, तपकीर, तंबाखू-चुना, गुटखा, मावा, खर्रा, विडी, सिगारेट. मग सल्ला दोन वाक्यांत, बाळाशी जोडून. ‘ताई, तुम्ही लावता ते दुधातून बाळाकडे जातं. सोडायचं मनात असेल तर मी मदत करते.’ मनात आहे का ते ऐकून घ्या. असेल तर तारीख ठरवा, क्विटलाइनचा नंबर लिहून द्या, पोट साफ न होण्याचं आधीच सांगून ठेवा. डिस्चार्जनंतर लसीकरणाला येईल तेव्हा पुन्हा विचारा. विचारणं, सल्ला, तयारी जोखणं, मदत, पाठपुरावा या ज्या पाच पायऱ्या परीक्षेत लिहिता, त्या वॉर्डात अशा दिसतात.

हे सगळं आम्हाला का शिकवत नाहीत?

शिकवतात, पण व्यसनांच्या धड्यात दारूच्या मागे तंबाखूला अर्धं पान मिळतं. ही फक्त आपली रड नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांनी २००५पासून वैद्यकीय, दंत, नर्सिंग आणि फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची अनेक देशांत पाहणी केली. बहुतेक ठिकाणी चित्र एकच : तंबाखू सोडवण्याचं प्रशिक्षण हवं म्हणणारे खूप, ते मिळालेले थोडे. त्याच वर्षी ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाचा विषयही आरोग्य व्यावसायिक हाच होता. आपल्याकडे ३१ मेला रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा होते. पोस्टरवर कवटी आणि सिगारेट असते, मिश्रीची डबी मी अजून कुणी काढलेली पाहिली नाही.

आई मिश्री लावते. सुट्टीत घरी गेले की माझंही सुरू होतं.

आईला ‘सोड’ म्हणण्याआधी ‘मी सोडतेय, माझ्यासमोर लावू नकोस’ एवढं म्हणा. एरवी मुलीचं न ऐकणारी आई एवढं ऐकते. मग तिचं तोंड उजेडात बघा, टॉर्च घेऊन, वॉर्डात बघता तसंच. चट्टा दिसला तर त्या सुट्टीतच तिला दाखवायला न्या.

या विषयावर शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प करायचा आहे. काय लक्षात ठेवू?

आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. मग प्रश्नावली. ‘तंबाखू वापरता का?’ हा एक प्रश्न टाकून मोकळं होऊ नका. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक पदार्थाचं तुमच्या भागात चालणारं नाव टाका आणि ‘आयुष्यात कधी’ व ‘गेल्या तीस दिवसांत’ असे दोन रकाने ठेवा. सुपारीचा रकाना वेगळा. मुलगे आणि मुली यांचे आकडे वेगळे मांडा, कारण एकत्र सरासरीत दोघांचंही चित्र पुसलं जातं.

नाव, रोल नंबर, मोबाइल काहीही घेऊ नका. गूगल फॉर्म वापरलात तर ईमेल गोळा करणारा पर्याय बंद आहे ना, ते दोनदा तपासा. फॉर्म भरताना ट्युटर वर्गात नकोत. भरलेले कागद बंद पेटीत, आणि पेटी वॉर्डनच्या टेबलावर नको. आधी दुसऱ्या कॉलेजातल्या दहा-बारा जणांवर प्रश्नावली चाचपून बघा. ‘तपकीर’ हा शब्द अर्ध्या मुलांना कळत नाही, हे तिथेच समजेल. फॉर्मच्या शेवटच्या पानावर क्विटलाइनचा नंबर छापा, आणि ते पान फाडून नेता येईल असं ठेवा.